उंची कमीजास्त होणारा बास्केटबॉल स्टँड, सोसायटीतल्या पोरांसाठी : वर्षभर वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगते, ५ पैकी ४. एक स्टार कुठे कापला ते खाली येईलच. ऊन, पाऊस आणि आमच्या सोसायटीतली पोरं, तिघांचाही मार या स्टँडने वर्षभर खाल्लाय, म्हणून आता लिहायला हरकत नाही. नवीन वस्तू आल्याआल्या लिहिलेल्या रिव्ह्यूला तसा काही अर्थ नसतो.

आम्ही हा सोसायटीच्या वर्गणीतून घेतला. ४४ इंची पॉलिकार्बोनेटचा (पारदर्शक, मजबूत प्लास्टिक) बोर्ड, खाली दोन चाकं असलेला प्लास्टिकचा बेस ज्यात पाणी किंवा वाळू भरायची, आणि मेन म्हणजे रिंगची उंची साडेसात फुटांपासून दहा फुटांपर्यंत टप्प्याटप्प्याने बदलता येते. किंमत वीस हजारांच्या थोडी आत. कमिटीच्या मीटिंगमधे पहिला प्रश्न हाच आला की एवढे पैसे कशाला घालायचे, कंपाउंडच्या भिंतीला दोनतीन हजारात रिंग ठोकून देऊ की. प्रश्न रास्त आहे आणि हा रिव्ह्यू वाचणाऱ्या बहुतेकांच्या मनात पण तोच असणार, म्हणून तिथूनच सुरू करते.

भिंतीला ठोकलेली रिंग एकाच उंचीवर राहते, आणि ठोकणारा ती दहा फुटांवरच ठोकतो कारण नियमात ३.०५ मीटर लिहिलंय. पण ती उंची मोठ्यांची आहे! १२ वर्षांपर्यंतच्या मुलांचं मिनी बास्केटबॉल असतं त्यात रिंग २.६० मीटरवर असते, फ्री थ्रोची लाइन (फाउल झाल्यावर जिथून कोणी न अडवता शॉट मारायचा ती) ४ मीटरवर आणि बॉल ५ नंबरचा, म्हणजे लहान आकाराचा. ही काही मुलांना दिलेली सवलत नाहीये, त्यामागे कारण आहे. मी कॉलेजात असताना टीममधे खेळायचे आणि नंतर थोडं मुलांना शिकवलंय पण, त्यामुळे हे डोळ्यांनी बघितलंय. तिसरीतल्या पोराला दहा फुटांच्या रिंगखाली मोठा बॉल देऊन उभं करा, ते बॉल कमरेपाशी नेणार, कंबर मागे वाकवणार आणि दोन्ही हातांनी सगळा जीव एकवटून वर भिरकावणार. त्याला दुसरा इलाजच नसतो, अंगात तेवढी ताकदच नसते. मग हीच सवय हाडात बसते आणि सातवी-आठवीत कोणी कोच भेटला की त्याची अर्धी वर्षं ती सवय मोडण्यात जातात. तेच पोरगं साडेआठ फुटांच्या रिंगखाली ५ नंबरचा बॉल घेऊन उभं राहिलं की बॉल आपोआप कपाळाच्या वर जातो, कोपर रिंगकडे वळतं, गुडघे वाकतात आणि शॉट खरंच शॉटसारखा दिसायला लागतो. कोणी शिकवायला लागत नाही.

त्यामुळे लहान मुलांसाठी घेत असाल तर बोर्ड किती इंची, रिंगला स्प्रिंग आहे की नाही, हे सगळं नंतर बघा. आधी उंची खाली येते का आणि पटकन येते का हे बघा. या स्टँडला मागच्या बाजूला पिन आहे, ती ओढायची, बोर्ड धरून खाली घ्यायचा, पिन सोडायची, झालं. बोर्ड जड असल्याने हे काम मोठ्या माणसाने किंवा दोन मोठ्या पोरांनी मिळून करावं, एकट्या लहान मुलाने अजिबात नाही, बोट सापडू शकतं. आमच्याकडे संध्याकाळी आधी छोटी कंपनी खेळते तेव्हा रिंग साडेआठला, नंतर कॉलेजची पोरं आली की दहाला. उंची बदलण्यावरून भांडणं होतील असं वाटलेलं, तर उलट मोठी पोरंच बऱ्याचदा म्हणतात राहू दे खाली, आज सगळे मिळून खेळू.

सगळे मिळून काय खेळतात, तर मॅच नाही. आणि ही गोष्ट खरेदी करताना कोणी लक्षातच घेत नाही. आपल्या सोसायट्यांमधे पाच-पाच जणांची मॅच खेळायला जागा कुठे असते? एक रिंग, समोर चार गाड्या काढल्या तर मोकळी होणारी पेव्हर ब्लॉकची जागा, आणि सहा वर्षांपासून सतरा वर्षांपर्यंतची कधी चार तर कधी चौदा पोरं. यांच्यात टीम पाडून मॅच लावली तर दहा मिनिटांत लहान मुलं बाजूला बसतात कारण त्यांच्या हातात बॉलच येत नाही. अशा ठिकाणी नेम धरून शॉट मारायचे खेळच चालतात आणि जगभरातली पोरं एका रिंगवर हेच खेळत आलीयत. म्हणून मी हा स्टँड याच खेळांच्या हिशोबाने पारखला.

पहिला खेळ हॉर्स. अमेरिकेतल्या पोरांचा हा अगदी घरचा खेळ. एकाने हवा तसा शॉट मारायचा, एका पायावर, डाव्या हाताने, बोर्डाला लावून, कसाही. त्याचा पडला तर मागच्या प्रत्येकाने हुबेहूब तोच शॉट मारायचा, ज्याचा चुकेल त्याला HORSE या शब्दातलं एक अक्षर, पाचही अक्षरं भरली की तो बाद. ज्याने डाव मांडला त्याचाच शॉट चुकला तर कोणाला काही नाही, मांडायची पाळी पुढच्याकडे. २०२० मधे लॉकडाऊनमुळे एनबीएचे (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) सामने बंद पडले होते तेव्हा खेळाडूंनी आपापल्या घरच्या रिंगवर हाच खेळ खेळला आणि तो टीव्हीवर दाखवला होता, माइक कॉनली जिंकला फायनलमधे चॉन्सी बिलप्सला हरवून. म्हणजे कोट्यवधी कमावणारे लोक घरच्या घरी पोरांचा खेळ खेळत होते आणि जग बघत होतं. आमच्याकडे याला गाढव म्हणतात, तीन अक्षरांचा डाव असल्याने क्लासला जायच्या आधी पटकन एक होतो, आणि रविवारी निवांत असले की महाबळेश्वर लावतात.

या खेळाची मजा अशी की ताकदीचा संबंध नाही. बी विंगमधली एक तिसरीतली मुलगी आहे, उंचीने बेताची, धावण्यात कधी पहिली येणार नाही. तिने एक शॉट बसवलाय. रिंगच्या उजव्या बाजूला, जवळच, बोर्डाशी तिरकी उभी राहते आणि बॉल बोर्डावरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्याला लावते. रिंगकडे बघतच नाही, नजर त्या कोपऱ्यावर. बॉल लागतो आणि आत. तोच शॉट ती मग मांडी घालून खाली बसून मारते. आता अकरावीतल्या सहा फुटी पोराला सांगा खाली बसून मार म्हणून! पाय नाहीत तर जोर कुठून आणणार, बॉल रिंगलाही पोचला नाही, पहिलं अक्षर. तिथून पुढे तिने त्याला पुरता गाढव केला. त्या संध्याकाळी तिची आई मला म्हणाली, आज जेवताना दुसरा विषय नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे बोर्ड. बोर्डाला लावून मारायचे शॉट बोर्ड कडक असेल तरच जमतात. स्वस्तातले प्लास्टिकचे बोर्ड येतात ना, त्यावर बॉल आपटला की बोर्ड थरथरतो आणि बॉल मेल्यासारखा खाली पडतो, मग अंदाज कसा बांधणार पोरांनी. पॉलिकार्बोनेटवर बॉल बऱ्यापैकी खरा उसळतो. ॲक्रिलिकवर त्याहून चांगला उसळतो हे मान्य, पण ॲक्रिलिकला तडा जाऊ शकतो, आणि आमच्याकडे त्याच जागेत क्रिकेट पण चालतं, तेव्हा पॉलिकार्बोनेटच बरं. ४५ अंशांच्या आसपास उभं राहून मारलेला शॉट यावर छान बसतो. मात्र बोर्डावरचा चौकोन स्टिकरचा आहे, पेंट केलेला नाही, आणि एका उन्हाळ्यात त्याच्या कडा सुटायला लागल्या. आम्ही पांढरा ऑइलपेंट आणून मास्किंग टेप लावून रंगवून घेतला. कंपनीने एवढं करायला हवं होतं.

दुसरा खेळ नॉकआउट, आणि गर्दी असेल तर याच्यासारखा खेळ नाही. फ्री थ्रोच्या लाइनीवर सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, पहिल्या दोघांकडे एकेक बॉल. पहिल्याने मारला की लगेच दुसऱ्याने मारायचा. पहिल्याचा चुकला तर धावत जाऊन बॉल उचलायचा आणि जवळून कसाही आत घालायचा, पण मागच्याचा त्याच्याआधी पडला तर पुढचा बाद. बॉल पडला की उचलून पुढच्या नंबरला द्यायचा आणि रांगेच्या शेवटी पळायचं. दहा-बारा पोरं असली तरी कोणाला दोन मिनिटांच्या वर थांबावं लागत नाही आणि आरडाओरडा असा की चौथ्या मजल्यावरचे आजोबा पण गॅलरीत येऊन बघत बसतात. याला दोन बॉल लागतात हे आधीच लक्षात ठेवा. सहा-सात वर्षांच्यांना पोरांनी कच्चं लिंबू केलंय, त्यांना लाइनीच्या दोन पावलं पुढून मारायची परवानगी आणि बाद झाले तरी एकदा परत रांगेत.

नॉकआउटमधे स्टँडची खरी परीक्षा होते कारण दोन बॉल एकाच वेळी रिंगवर आदळतात, पोरं धावत बेसवर येऊन थडकतात. इथे बेसचं पुढचं तोंड टोकदार नाहीये, गोलाई आहे, हे फार बरं केलंय. पोलला फोमचं कव्हर मात्र सोबत येत नाही. ते घ्याच. न मिळाल्यास गादीवाल्याकडून फोम कापून आणा आणि वर रेक्झिन शिवून घ्या, पण उघड्या लोखंडी पोलसमोर पोरं सोडू नका.

अराउंड द वर्ल्ड आणि एकवीस हे दोन खेळ कमी पोरं असताना चालतात. पहिल्यात रिंगभोवती अर्धवर्तुळात खडूने खुणा करायच्या आणि एकेका खुणेवरून शॉट पाडत पुढे सरकायचं. चुकला तर तिथेच थांबून पुढच्या पाळीची वाट बघा नाहीतर चान्स घ्या म्हणजे लगेच परत मारा, चान्सचा पण चुकला तर सुरुवातीपासून. आठ वर्षांचं पोरगं सहाव्या खुणेवर उभं राहून चान्स घेऊ का नको घेऊ असा विचार करत असतं तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघा, बोर्डाच्या परीक्षेला एवढं गंभीर होणार नाही. एकवीसमधे लांबून पडला तर दोन, मग रिबाउंड (उसळून परत आलेला बॉल) जिथे मिळेल तिथून पडला तर एक, आणि बरोब्बर २१ करायचे, वर गेलं तर खाली अकरावर. एकट्याने सुद्धा खेळता येतो, माझा मुलगा सुट्टीत दुपारभर स्वतःशीच खेळत असतो.

आणखी एक गोष्ट पोरांना मी दाखवते. रिंगचा आतला व्यास ४५ सेंमी, ५ नंबरचा बॉल साधारण २२ सेंमी. म्हणजे जागा जवळजवळ दुप्पट आहे. पण बॉल सपाट आला तर त्याला ती जागा दिसतच नाही, वरून कमानीत उतरला तरच पूर्ण दार उघडं मिळतं. हा खेळ ज्यांनी काढला त्या जेम्स नाइस्मिथ यांच्या डोक्यात पण हेच होतं. लहानपणी कॅनडात ते दगडावर ठेवलेला दगड लांबून दगड मारून पाडायचा खेळ खेळायचे, थोडाफार आपल्या लगोरीच्या जातीचा, आणि त्यात जोरात सरळ फेकण्यापेक्षा हळू कमानीत टाकलेला दगड कामी येतो हे त्यांनी लक्षात ठेवलेलं. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्डला थंडीत मुलांसाठी आत खेळायचा खेळ हवा होता तेव्हा म्हणूनच टोपली वर टांगली. पीचची टोपली होती ती, बुडासकट. म्हणजे मुळात हा खेळ पोरांच्या नेमबाजीतूनच आलाय, त्यामुळे मॅच न खेळता नुसते शॉट मारत बसलेल्या मुलांना कोणी "हे काय खेळणं" म्हणालं की मला पटत नाही.

आता एक स्टार का कापला ते. जोडणीच्या नटबोल्टच्या पाकिटात दोन बोल्ट आणि एक वायसर कमी निघाले. कस्टमर केअरला फोन केला, फोटो पाठवा म्हणाले, फोटो पाठवले, मग परत तेच फोटो परत मागितले, आणि पार्ट येईपर्यंत महिना गेला. तोपर्यंत आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून आणून बसवले होते. सोबतच्या पुस्तकात नुसती चित्रं आहेत आणि ती पण बारीक. पोलचे तीन तुकडे एकमेकांत ठोकून बसवायचे असतात, लाकडाचा ठोकळा मधे धरून हातोडा मारा, थेट मारलात तर पावडर कोटिंग उडतं आणि पहिल्याच पावसात तिथून गंज धरतो. दोन मोठी माणसं, दोन पाने आणि अख्खी दुपार ठेवा हाताशी.

दुसरी तक्रार बेसची. शंभर लिटरच्या वर पाणी मावतं, पण झाकणाचं रबर इतकं तकलादू की पाणी झिरपत राहतं. आणि इथे मी हात जोडून सांगते, बेस अर्धवट भरलेला असताना पोरांना खेळू देऊ नका. सगळं वजन वर आहे, बोर्ड आणि रिंग वर, बेस हलका झाला की स्टँड पुढे झुकतो. कोणी रिंगला लटकलं तर संपलंच. आम्ही पाणी काढून कोरडी वाळू भरून घेतली, नरसाळ्याने भरताना वेळ जातो पण तेवढ्याच जागेत वजन दीडपटीच्या आसपास होतं आणि झिरपायचा प्रश्नच मिटतो. वर अजून सिमेंटच्या दोन गोण्यांत वाळू भरून बेसवर ठेवल्यात. एप्रिल-मे मधे वळवाच्या आधी जी वावटळ सुटते तिच्यात ४४ इंची बोर्ड शिडासारखा वारा पकडतो, तेव्हा आभाळ भरून आलं की रिंग सगळ्यात खालच्या टप्प्यावर आणायची आणि पोल भिंतीच्या कडीला दोरीने बांधायचा, वॉचमन काकांना हे सांगून ठेवलंय. रिंगला लटकायचं नाही हा एकच नियम आम्ही असा ठेवलाय की मोडला तर आठवडाभर खेळायला बंदी. यात माफी नाही. डंक (उडी मारून हाताने बॉल रिंगमधे कोंबणं) मारायची हौस असलेल्या मोठ्या पोरांसाठी हा स्टँडच नाही, त्यांनी पक्क्या फाउंडेशनच्या पोलवर जावं.

वाळू भरल्यावर चाकांचा उपयोग जवळपास संपतो, तीन माणसं लागतात हलवायला. म्हणजे "पोर्टेबल" हे नावापुरतंच. जागा एकदाच नीट ठरवा, आणि ठरवताना गाड्यांच्या काचांबरोबर आवाजाचाही विचार करा. पेव्हर ब्लॉकवर बॉल आपटला की वरच्या मजल्यापर्यंत धप धप ऐकू येतं. आम्ही दुपारी दोन ते चार आणि रात्री नऊनंतर बंद ठेवतो, पोरांनीच पाटी रंगवून लावलीय, आणि एक सांगते, मोठ्यांनी केलेल्या नियमापेक्षा ती पाटी जास्त पाळली जाते.

नेट नायलॉनचं आहे, उन्हात ते वर्ष काढत नाही, आमचं दिवाळीनंतर सुटायला लागलं. नेट क्षुल्लक वाटतं पण त्याशिवाय पोरांना मजा येत नाही, बॉल स्वच्छ पडल्याचा तो सर्रकन आवाज हवा असतो त्यांना, शिवाय लांबून मारलेला आत पडला की बाहेरून गेला यावरून होणारी भांडणं वाचतात. पावसाळ्याआधी बोल्टना ग्रीस आणि पोलच्या जोडाला रेड ऑक्साइडचा हात मारलात तर गंजाची काळजी नाही, आमचा तरी शाबूत आहे.

कोणी घेऊ नये ते पण लिहिते. घरात एकच पाच वर्षांचं मूल असेल आणि बाहेर जागा नसेल तर दाराला अडकवायची छोटी रिंग पुरे, सहा-सातशे रुपयांत येते. आणि तुमचं मूल आता चौदा-पंधराचं असून मनापासून खेळत असेल तर पैसे स्टँडमधे घालू नका, त्याला खऱ्या कोर्टवर पाठवा. मुंबईत नागपाड्याला किंवा पुण्यात डेक्कन जिमखान्यावर एक संध्याकाळ नुसतं नेऊन बसवा, डोळे उघडतील त्याचे. पुण्याचीच शिरीन लिमये भारताच्या टीमची कॅप्टन झाली, हे आपल्या मुलींना तर जरूर सांगा, कारण सोसायटीच्या रिंगवर मुली सुरुवातीला कडेला उभ्या राहतात आणि कोणी बॉल हातात दिला तरच पुढे येतात. आमच्याकडे पहिले काही आठवडे मी रोज खाली उतरून मुलींच्या हातात आधी बॉल द्यायचे. आता बोलवावं लागत नाही.

ऑर्डर करताना सोबत काय घ्यायचं ते एकदा लिहून ठेवते. रबरचे ५ नंबरचे दोन बॉल, लेदरसारखे दिसणारे महागडे नकोत, पेव्हर ब्लॉकवर महिन्या-दोन महिन्यांत घासून गुळगुळीत होतात. मोठ्या मुलींसाठी ६ नंबर, कॉलेजच्या पोरांसाठी ७ नंबर एकेक. हातपंप आणि दोन सुया, सुई घालताना थुंकी लावू नका, ग्लिसरीनचा थेंब लावा, कोरडी घातली तर व्हॉल्व फाटतो. हवा किती ते बघायला बॉल छातीच्या उंचीवरून सोडा, कमरेपर्यंत आला की बस. एक जादा नेट. आणि डिलिव्हरीवाला उभा असतानाच खोका फोडून पार्ट मोजा, व्हिडिओ काढत मोजा, बोल्टसकट.